न मोडलेला भांग

बाळाजी बायकोला मारायला लागला की आमच्या गल्लीतले रेडिओ मोठे व्हायचे. असं कोणी ठरवलेलं नव्हतं. अंबरनाथच्या शिवमंदिराच्या अलीकडे, नाल्याला लागून आमची गल्ली. एका अंगाला बाळाजीची आणि त्याच्या भावकीची बैठी घरं, दुसऱ्या अंगाला आमची दुमजली सोसायटी, मध्ये आठ फुटांचा रस्ता. आठ फुटांत काही लपत नाही, म्हणून न ऐकण्याची सवय करून घ्यावी लागते. बाळाजी एमआयडीसीत एका केमिकल कंपनीत होता. त्याची पाळी दर आठवड्याला बदलायची आणि पाळीबरोबर मारायची वेळही. फर्स्ट शिफ्ट असली की संध्याकाळच्या बातम्यांना, सेकंड असली की सकाळच्या भक्तिगीतांना. मी उल्हासनगरच्या एका कॉलेजात इतिहास शिकवत होतो. माझ्याकडे टू-इन-वन होता. आवाज मीही वाढवायचो.

अंजना ही मुळात त्याची बायको नव्हती, वहिनी होती. थोरला भाऊ हरिचंद्र फौजेत होता, तो एकाहत्तरच्या डिसेंबरात पश्चिम सीमेवर हरवला. आधी तार आली, बेपत्ता. मग बऱ्याच महिन्यांनी कागद आला, मृत समजावे. समजावे म्हटल्यावर घरच्यांनी समजून घेतलं. अंजना तेव्हा वीस वर्षांची. दोन वर्षांनी भावकीनं तिचा धाकट्या दिराशी पाट लावून दिला. सून घरातल्या घरात राहिली, पेन्शनही घरातल्या घरात राहिली. विचारायचं राहिलं ते तिला. तसं बाळाजीलाही कोणी विचारलं नव्हतं. त्याला शूर भावाची उरलेली बायको मिळाली आणि हार घातलेला भाऊ भिंतीवरून सोळा वर्षं बघत बसला. बाळाजी ताट भिरकावून विचारायचा, “दादालाबी असंच वाढायचीस का गं?” या प्रश्नाला हो म्हटलं तरी मार होता आणि नाही म्हटलं तरी. मूल झालं नाही, त्याचा मार वेगळा.

एकोणनव्वदच्या दिवाळीनंतर त्यानं तिच्या अंगावर रॉकेलचा डबा ओतला. खिशातल्या काडेपेटीला दिवसभराचा घाम लागलेला होता. त्यानं तीन काड्या ओढल्या, तिन्हींचं गूल नुसतं गळून पडलं. चौथीच्या आत त्याच्या आईनं, म्हणजे माईनं, त्याच्या मनगटाला चावा घेतला आणि रक्त येईपर्यंत सोडला नाही. त्या दिवशी गल्लीत रेडिओ मोठे झाले नाहीत, बंद झाले. दुसऱ्या दिवशी जो तो एकमेकाला विचारत होता, रॉकेलचा वास कुठून येतोय हो.

जानेवारीत माई एक फोटो घेऊन घरोघर फिरली.

फोटो वहीच्या पानाएवढा होता, काळापांढरा. एका बॅरकपुढे चार कैदी गुडघ्यांवर बसवलेले, हात मागे बांधलेले. पहिला तोंडावर पडलेला, त्याच्या गुडघ्याखाली काळं थारोळं. दुसऱ्यानं डोळे मिटलेले, चौथा ओरडत होता. तिसऱ्याच्या मागे एक सैनिक उभा होता. त्यानं बंदूक नळीकडून धरून वर उचलली होती आणि तिचा दस्ता तिसऱ्याच्या डोक्यापासून दोन बोटांवर आला होता. तिसरा सरळ कॅमेऱ्यात बघत होता. तिसरा हरिचंद्र होता. त्यात वाद नव्हता. भिंतीवरच्या फोटोखाली धरून बघितलं तरी तोच.

फोटो आला कुठून? तर उल्हासनगरातला लखी फोटोवाला. त्याची मेहुणी सीमेपलीकडे सक्करला नातेवाइकांच्या लग्नाला गेली होती. तिकडून आणलेल्या बांगड्या एका जुन्या उर्दू मासिकात गुंडाळलेल्या होत्या, त्यात हा फोटो. लखीनं मागे हरिचंद्राच्या लग्नाच्या फोटोला फ्रेम करून दिली होती, त्यामुळे चेहरा त्याला ओळखू आला. त्यानं फोटोचा फोटो काढला, मोठा केला आणि माईला निरोप धाडला. मासिक? मासिक मेहुणीच्या पोरांनी फाडलं.

गल्लीनं हे सगळं एका घोटात गिळलं. पकडला म्हणजे मेला नव्हता. मेला नव्हता म्हणजे जिवंत असणार. अठरा वर्षं कोणी दाणा देऊन ठेवील का, असं एकानं विचारलं, त्याला देशद्रोही ठरवून गप्प केलं. मग गावकीतले थोरले नाथाबाबा बोलले आणि प्रकरणाला तोंड फुटलं.

“पयला नवरा जिता असंल तर पाट मोडतो. बाई पयल्या नवऱ्याच्या घरी जाते. आपली रीत हाय.”

पहिल्या नवऱ्याचं घर म्हणजे तेच घर. सासू तीच, चूल तीच, घर माईच्या नावावर. फरक एवढाच की बाळाजीनं बाहेर पडायचं आणि अंजनाला परत हात लावायचा नाही. अंजना उंबऱ्यात उभी होती. डाव्या कानातून तिला ऐकू येत नसे, म्हणून तिनं उजवा कान पुढे केला आणि नाथाबाबांना ते वाक्य पुन्हा बोलायला लावलं.

बाळाजीनं मात्र फोटो एकदाच बघितला. “खोटा हाय,” तो म्हणाला. “त्या लख्यानं बनिवलाय. हिनं बनवून घेतलाय.”

दुसऱ्या दिवशी तो दोन साथीदार आणि एक लोखंडी पाइप घेऊन उल्हासनगरला गेला. त्यांनी स्टुडिओची काच फोडली, पडदा फाडला, मोठा करायचं यंत्र रस्त्यावर आणून आपटलं. मग लखीचा उजवा हात टेबलावर ठेवला आणि एकेका बोटामागे एकच प्रश्न विचारला, फोटो खोटा आहे ना? लखी तीनदा म्हणाला, असली आहे. चौथ्या बोटाच्या वेळी शेजारचे दुकानदार शटर पाडायच्या लोखंडी आकड्या घेऊन धावले. घरी येऊन बाळाजीनं अंजनाच्या पोटात लाथा घातल्या. ती दोन दिवस सरळ उभी राहिली नाही.

रविवारच्या बैठकीत निकाल लागणार होता. फोटो खरा की खोटा हे कोणी सांगायचं यावर खल झाला आणि नाथाबाबांनी माझं नाव घेऊन फोटो माझ्या हातात दिला. मी हिस्ट्रीचा. शिवाय आमचं घर बौद्धांचं, गावकीबाहेरचं; कोणाच्या बाजूचा म्हणायची सोय नाही. इतिहासाच्या माणसाला फोटोतलं काही कळतं हा समज कसा झाला ते मला ठाऊक नाही. मला पेशव्यांच्या तहांपलीकडे फारसं कळत नव्हतं.

बाळाजी संध्याकाळी वर आला. पाइप त्यानं दाराबाहेर भिंतीला टेकवून ठेवला. चप्पल काढून ठेवावी तसा.

“सर, तुमी शिकलेले. खोटा हाय एवढंच बोलायचं.”

“बघतो.”

“बघा. बघायला डोळे लागतात ना, दोन?” तो हसला. “आणि खरा बोल्लात, तर आधी तिला जाळीन, मग तुमच्याकडं येईन. यंदा काड्या कोरड्या ठेवल्यात.”

त्यानं चहा घेतला नाही. त्याच्या घरच्यांनी आमच्याकडे कधीच घेतला नव्हता, त्यामुळे मी ते मनाला लावून घेतलं नाही.

लखीच्या स्टुडिओत एकच खुर्ची धड उरली होती, ती त्यानं मला दिली. त्याचा डावा डोळा मिटलेला होता, उजव्या हाताच्या तीन बोटांना पट्ट्या बांधलेल्या. भिंतीवर मात्र सगळं शाबूत होतं. अंबरनाथ-बदलापूरच्या निम्म्या घरांतले मयत इथूनच तयार होऊन जात. गावाकडच्या माणसाचा एखादाच फोटो असायचा, तोही जत्रेतला नाही तर रेशन कार्डावरचा. लखी त्याचं डोकं कापून घ्यायचा आणि त्याच्याकडे असलेल्या तीन धडांपैकी एकावर बसवायचा: सूट, फेटा, फौजी. माझ्या ओळखीच्या सात घरांत आजोबांचा सूट एकच होता, वरच्या खिशातल्या पेनासकट. माझ्या वडिलांनाही त्यानं तोच घातला होता. आयुष्यभर त्यांनी गिरणीत काढलं. सूट मेल्यावर मिळाला.

“लखीभाई, फोटो खरा आहे का?”

“सर, बावीस साल हो गये धंदे में. मी कभी खोटा फोटो बनवला नाही. जे नसतं ते टाकतो, एवढंच.”

मी फोटो उजेडात धरला. आठवडाभर मी त्यातली बॅरक बघत होतो. ती हुबेहूब उल्हासनगरच्या कॅम्पातल्या बॅरकींसारखी होती, पण त्यावरून काही ठरत नव्हतं. इंग्रजांनी कल्याणपासून कराचीपर्यंत एकाच नकाशावर बॅरकी बांधल्या. सावल्या तपासल्या, त्या बरोबर पडत होत्या. पट्टे, बूट, टोप्या यातलं मला कळत नव्हतं. आता इथे, भिंतीवरच्या चाळीस मयतांच्या शेजारी धरल्यावर मला तो दिसला. सगळ्यांचे गाल भरलेले, रंग एक छटा उजळ, डोळ्यांना काजळाची बारीक रेघ, आणि डाव्या बाजूनं पट्टीनं आखल्यासारखा भांग. फोटोतल्या पहिल्या कैद्याच्या केसांत माती होती, दुसऱ्याचे कपाळाला चिकटलेले, चौथ्याचे उभे. तिसऱ्याच्या केसांना तेल होतं.

“लखीभाई, डोक्यात दस्ता बसायच्या आधी हा माणूस कंगवा फिरवून आला होता का?”

लखीनं फोटो घेतला आणि उघड्या डोळ्यानं बराच वेळ बघितला.

“अरे यार,” तो म्हणाला. मग म्हणाला, “सवय, सर. लोकांना त्यांचा माणूस विस्कटलेला चालत नाही. मरा हुआ आदमी है, सामने आया की हात आपोआप चालतो. मी भांग पाडला हे मलाच माहीत नाही.”

“बाकीचे तिघं?”

“माझे भाचे. बॅरकच्या मागे काढला, सुबह सुबह. पहिल्याचं खून असली आहे, पडला तेव्हा घुटना फुटला. बंदूकवाला जीन्सच्या कारखान्यातला कटिंग मास्टर.”

“बनवायला कोणी सांगितलं? अंजनानं?”

त्यानं पट्टीतली बोटं माझ्यासमोर धरली. “तीन तोडली, तेव्हा नाही बोललो. तुम्ही तर चहापण नाही पाजला.”

माझ्या मनात आता घोळ उरला नव्हता. फोटो खोटा होता आणि रविवारी तसं सांगायचं होतं. इतिहास शिकवणाऱ्याला असा स्वच्छ निकाल आयुष्यात एखादाच मिळतो. शनिवारी सकाळी, बाळाजी फर्स्ट शिफ्टला गेल्यावर, माई जिना चढून आली. ती आमच्याकडे कधीच आली नव्हती. दारातच, जमिनीवर बसली. खुर्ची पुढे केली तर हातानंच नको म्हणाली.

“लखी बोल्ला मना. तुमाला कललं.”

“तुम्ही सांगितलंत बनवायला?”

“मीच. अंजनाला ठाव नाय. तिला खरंच वाटतंय तो जिता हाय.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “लखी बोल्ला, आई, हसताना दावू का तुझ्या पोराला? मी बोल्ले, हसनाऱ्याला सोडवायला कोन जातंय? मार खाताना दाव. त्याला बोल्ले, दस्ता डोक्याच्या जवल आन. अजून जवल. सर, मीच आनवला. माझ्या हरीच्या डोक्यावर.”

मी फोटो टेबलावर पालथा ठेवला.

“हरी मेला. मना त्याच दिवशी कललं हुतं, तार यायच्या आधी. मेलेल्याला काय दुखतंय? पन ही जिती हाय. बालानं काड्या उन्हात घालून ठेवल्यात, पत्र्यावर. मी रोज बघते. दोनदा पान्यात टाकल्या, तो नव्या आनतो.” ती उठली. “उद्या तुमी काय बोलनार?”

“माई, फोटो खोटा आहे.”

“हां,” ती म्हणाली. “मना काय सांगता? मीच बनिवलाय.” आणि कठड्याला धरून एकेक पायरी उतरून गेली.

बैठक देवळामागच्या पटांगणात बसली. मला खुर्ची दिली. सगळ्यांना कपबशीतून चहा आला, मला काचेच्या ग्लासातून. ग्लास नवा होता, स्टिकर अजून निघालेला नव्हता. अंजना बायकांत बसली होती. तिच्या गळ्यावर बोटांचे ठसे होते, चार एका बाजूला आणि एक दुसऱ्या बाजूला. बाळाजी समोर मांडी घालून बसला होता. त्यानं खिशातून काडेपेटी काढली, कानाजवळ धरून हलवली आणि माझ्याकडे बघत परत ठेवली.

नाथाबाबा म्हणाले, “सर, बोला.”

मी उभा राहिलो आणि पंधरा मिनिटं बोललो. बॅरकीची बांधणी सांगितली. पट्ट्याचे बक्कल, बुटांच्या नाड्या, डिसेंबरातल्या उन्हाचा कोन सांगितला. परदेशी संशोधकांचे दाखले दिले, त्यातले दोन तिथल्या तिथे जन्माला आले. वर्गात मला एवढं शांतपणे कोणी कधी ऐकलं नव्हतं. शेवटी म्हणालो, “फोटो खरा आहे.”

बाळाजी उठला. “देवाची शपथ घ्या.”

“देव आम्ही छप्पन साली सोडले,” मी म्हणालो.

“मग आईची घ्या!”

माझी आई अठ्ठ्याहत्तर साली वारली. तिला अपाय होण्यासारखं काही उरलेलं नव्हतं. मी घेतली. नाथाबाबांनी पाट मोडल्याचं जाहीर केलं. पेन्शनचं काय, असं मागून कोणीतरी विचारलं, त्याला पुढच्यांनी खाली बसवलं.

त्याच दिवशी पाचच्या सुमारास बाळाजी आला. पिऊन आला होता, पण पाय सरळ पडत होते. एका हातात पाइप, दुसऱ्यात रॉकेलचा डबा. अंजना अंगणात भांडी घासत होती. पहिला पाइप तिच्या खांद्यावर बसला, दुसरा कपाळावर. कपाळ भुवईपासून केसांपर्यंत उघडलं आणि तिच्या तोंडावर रक्ताचा पडदा आला. त्यानं केसांना धरून तिला रस्त्यात ओढलं आणि डब्याचं झाकण दातांनी काढून डबा तिच्यावर ओतला. खिडक्यांत आम्ही सगळे होतो. सोळा वर्षं होतो तसेच.

मग कोपऱ्यावरची पिठाची गिरणी चालवणारा सुदाम बाहेर आला. अंगभर पीठ, हातात गिरणीच्या दगडाला टाके घालायची छिन्नी. आणि तो ओरडला, “ए! फौजीच्या बायकोला हात लावतोस? जवानाच्या बायकोला?”

गल्लीला जणू एवढंच हवं होतं. काल हीच बाई, हेच केस, हाच हात होता. पण काल ती बाळाजीची बायको होती. आज ती शत्रूच्या तुरुंगात देशासाठी मार खाणाऱ्याची बायको होती, आणि बाळाजी कुठलाच नवरा नव्हता. किराणावाला वजनं घेऊन आला, दोन किलोचं त्यानं पाठीत घातलं. सायकलवाल्यानं चेन आणली. सोसायटीतले बँकेतले एक गृहस्थ होते, ते मुंग्यांवरूनही पाय उचलून जात. त्यांनी चप्पल काढून बाळाजीच्या तोंडावर मारली आणि ती तुटल्यावर दुसरी काढली. कोणीतरी भारतमातेचा जयजयकार केला. बाळाजीचे दात रस्त्यावर पडले, ते कोणाच्या तरी पायाखाली कडकन फुटले. तो गटारीच्या कडेला पालथा पडला, तरी मारणाऱ्यांची रांग संपेना. मागचे पुढच्यांना म्हणत होते, सरका, आम्हालाही. मीही खाली उतरलो होतो. मीही एक लाथ मारली. ती बरगडीत बसली आणि मला बरं वाटलं.

सुदामनं पाइप उचलला आणि हात वर करून सगळ्यांना थांबवलं. त्यानं अंजनाकडे बघितलं. ती उंबऱ्यावर बसली होती, माई तिच्या कपाळावर लुगड्याचा बोळा दाबून धरत होती. अंगावरचं रॉकेल खाली निथळत होतं.

“वहिनी,” सुदाम आदरानं म्हणाला. तिला आदरानं कोणी काही विचारल्याचं मी पहिल्यांदाच ऐकत होतो. “बस का?”

बाळाजीनं मातीतून तोंड वर केलं. “आई,” तो म्हणाला, “आई गं.”

माईनं बोळा दाबून धरला. मान वळवून ती घरात बघत राहिली.

“हात,” अंजना म्हणाली.

“कुठला?”

तिनं त्याच्या एकेका हाताकडे बघितलं. आठवत असावी. “दोनी,” ती म्हणाली.

सुदामनं ते काम नीट केलं. दोघांनी हात उंबऱ्याच्या दगडावर धरले. पहिला एका घावात मोडला, दुसऱ्याला तीन लागले.

अंजना चार दिवसांनी गेली. रीतीनं घर तिचं होतं, पण तिला ते नको होतं. कपाळाला अकरा टाके, एक ट्रंक, आणि ज्यावर ती कारखान्याच्या जीन्स शिवायची ते मशीन हातगाडीवर. बदलापुरात कारखान्यातल्या एका बाईच्या शेजारी तिनं खोली घेतली. यावर गल्ली नाराज झाली. वीराच्या पत्नीनं नवऱ्याची वाट त्याच्या घरीच बघायला हवी, असं पुष्कळांचं मत होतं. नाथाबाबा तिच्या मागे नाक्यापर्यंत गेले. “पोरी, हरी आला तर काय सांगू?”

“बदलापूरचा पत्ता द्या,” ती म्हणाली आणि गाडीवाल्याला पुढे हो म्हणाली.

बाळाजीला सरकारी दवाखान्यानं महिन्याभरानं सोडलं. दोन्ही हात खांद्यापर्यंत प्लास्टरमध्ये, पुढे धरलेले, काही मागत असल्यासारखे. भावकीतलं कोणी दारात घेईना. शेवटी नाथाबाबांनी निवाडा दिला की प्लास्टर निघेपर्यंत त्यानं माईच्या पडवीत राहावं, घरात पाऊल टाकू नये.

माझ्या खिडकीतून ती पडवी दिसते. दुपारी माई ताट घेऊन बाहेर येते, त्याच्यासमोर उकिडवी बसते, भात कालवते आणि घास त्याच्या तोंडात कोंबते. पुढचे दात नसल्यामुळे त्याला वेळ लागतो. ती थांबत नाही, पहिला गिळून व्हायच्या आत दुसरा पुढे धरते.

परवा त्यानं तोंड फिरवलं. ओठांवर भात तसाच.

“आई, खरं सांग. दादा जिता हाय का गं?”

माईनं त्याची हनुवटी धरून तोंड आपल्याकडे वळवलं.

“गील आधी,” ती म्हणाली.